सातघाट : नियम ठरवतानाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

शून्य बैठक झाली, म्हणजे लिहून खेळायच्या आमच्या कल्पित जगाचे नियम खेळाआधी ठरवायची. इथे संध्याकाळचे साडेसात, न्यू जर्सीत सकाळचे दहा. सातही जण हजर : मी, मास्तर, वकीलबाई, कणकवलीची ताई, नागपूरकर, न्यू जर्सीचा दादा आणि धाकटा. हे पहिल्यांदाच घडलं आणि बहुधा शेवटचं.

मागचं जग तीन आठवड्यांत का मेलं यावरच पहिला तास गेला. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी राजधानी जाळली, आणि राजधानी मास्तरांची होती. त्यांनी तिच्यावर चौदा पानं लिहिली होती : पेठांची नावं, पाण्याचे पाट, कोतवालाचा पगार कुठून निघतो तेसुद्धा. धाकट्याचं म्हणणं, "मी ड्रॅगन होतो. ड्रॅगन दुसरं काय करणार?" खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. जाळायचं नाही असं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

टेबलावर खेळताना हा प्रश्न येत नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ काढला, तेव्हापासून टेबलाच्या एका टोकाला खेळ चालवणारा एक माणूस बसलेला असतो आणि त्याचा शब्द शेवटचा. आम्ही खेळतो लिहून, आपापल्या पात्राचा एकेक परिच्छेद टाकत, सात घरांतून. जग एक आणि मालक सात. शेवटचा शब्द कुणाचाच नाही, म्हणून नियम आधी हवेत.

आज ठरलं ते एवढंच. जगाचं नाव सातघाट. वर पठार, खाली किनारा, मध्ये डोंगराची भिंत आणि ती उतरायला सात वाटा. प्रत्येकाला एक घाट, त्यात त्याचं राज्य. माथ्यावर एक बाजाराचं गाव, ते सामाईक. दुसऱ्याच्या घाटात त्याला विचारल्याशिवाय काही जाळायचं नाही, बुडवायचं नाही, बांधायचंही नाही.

नागपूरकर म्हणाला, "आमच्याकडे कुठला आला डोंगराचा घाट? घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या." मग सातवा घाट नदीचा. नकाशात सहा वाटा खाली उतरतात आणि सातवी पाण्यात उतरते. मला तर सगळ्यांत तीच आवडली.

पात्राचा फॉर्म मी करून पाठवणार.

५ जून, बुधवार

फॉर्म पाठवला. त्यात घोडचूक झाली, ती लिहून ठेवतो.

इंग्रजी कॅरेक्टर शीट समोर ठेवून रकाने मराठीत करत होतो. नाव, वय, पेशा, ताकद, चपळाई. 'रेस'पाशी आलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. एल्फ, ड्वार्फ, मानव यांतलं काय ते लिहायचं, म्हणजे 'जात', असं बोटांनी टाईप केलं आणि मी पुढच्या रकान्यावर गेलो.

सकाळी गटात टाकला. वकीलबाईंचा अंगठा आला, दादाने फाँट बदलायला सांगितला. नागपूरकर गप्प. दुपारी त्याचा भरलेला फॉर्म आला. बाकी सगळं नीट भरलेलं, तो एक रकाना कोरा. खाली एक ओळ : "हा रकाना मी पहिलीच्या दाखल्यापासून भरतोय. इथेही पाहिजे का?"

फोन केला. तो हसला. म्हणाला, "जाऊ दे ना बे, तू कुठून उचललं ते समजलं मला." त्याने रागावायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

फॉर्म मागे घेतला.

९ जून, रविवार

अख्खी बैठक एका रकान्यावर.

दादाने 'वंश' सुचवला. वकीलबाई म्हणाल्या, तेच आहे, फक्त इस्त्री केलेलं. मास्तरांनी 'योनी' काढलं, चौऱ्यांशी लक्ष योनी वगैरे. शास्त्राला धरून होतं, पण धाकट्याला माईक बंद करावा लागला. 'गण' बरा वाटला, पण देवगण, मनुष्यगण, राक्षसगण म्हटलं की पत्रिका आली आणि पत्रिकेमागून अडलेली लग्नं आली. 'प्रजाती'ने जीवशास्त्राच्या तासाला बसवल्यासारखं झालं.

शेवटी कणकवलीची ताई म्हणाली, "रकानो व्हयोच कित्याक? गावात नवीन माणूस दिसलो की आमी इतक्याच विचारतो, खंयचो रे तू?"

सगळ्यांना पटलं. नागपूरकराला नाही. "ताई, कुठला म्हणून विचारून झालं की लोक पुढे आडनाव विचारतात. त्यासाठीच तर आधी गाव विचारतात."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ताईच म्हणाली, "मगे आडनाव नको."

म्हणून सातघाटात आडनाव नाही. नाव आणि घाट, बस. तिसऱ्या घाटाची रुमा, पाचव्या घाटाचा खडक्या. फॉर्मवर आता दोन रकाने आहेत : 'कोणत्या घाटाचं?' आणि 'अंगात काय?' दुसऱ्यात दगड, पाणी, पिसं, लोकर, जे असेल ते लिहायचं. माणूस असेल तर 'रक्त'. हे धाकट्याचं आणि झकास आहे.

पुढचा मुद्दा जास्त अवघड निघाला. जन्माने कुणी दुष्ट नाही आणि जन्मावरून कुणाचं काम ठरत नाही, हा नियम मी वाचला तसे मास्तर अडून बसले. त्यांचं म्हणणं, गावगाडा काढला तर गावात उरतं काय? बाजारात मडकी कोण आणणार? आणि जिथे अन्यायच नाही तिथे गोष्ट कशाची सांगायची? हा आक्षेप पोकळ नव्हता. अशी गोड गोड जगं मीही वाचली आहेत. चौथ्या पानावर जांभई येते.

उत्तर नागपूरकराकडूनच आलं. "अन्याय ठेवा ना. पण 'इथे असंच असतं' म्हणून नाही. केला कोणी ते माहीत पाहिजे. त्याचं नाव लिहा." तसंच्या तसं नियमांत घातलं. सातघाटात अन्याय चालेल, पण करणाऱ्याला नाव हवं आणि तो गाठता येईल असा हवा. मडकी ज्याला करता येतात तो करील.

मास्तरांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. तसं नोंदवायला त्यांनीच सांगितलं.

२३ जून, रविवार

चाचणी म्हणून धाकटा आणि दादा यांची झटापट लावली. शब्दशः उतरवतो.

धाकटा : बाण सुटला आणि पहारेकऱ्याच्या खांद्यात घुसला. तो कळवळून खाली बसला.
दादा : तो बसला नाही. त्याने बाण हवेतच पकडला.
धाकटा : बाणाला विष आहे. पकडला तरी मरेल.
दादा : त्याला लहानपणापासून विष पाजलंय.

चार ओळींत एका पगारी पहारेकऱ्याचा देव झाला. या रोगाला खेळणारे गॉडमोडिंग म्हणतात आणि त्यावर इंग्रजीत उपदेशाची पानंच्या पानं आहेत. त्यांतलं 'इतरांच्या स्वायत्ततेचा आदर करावा' वगैरे आम्ही भाषांतर करून पाहिलं. वाचायला छान, पण झटापटीच्या ऐन मध्यावर कुणाच्या लक्षात राहणार?

मास्तर तीस वर्षं व्याकरण शिकवतात. त्यांनी फळ्यासारखी वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि क्रियापदांच्या जोड्या मांडल्या. उगारली – लागली. सोडला – घुसला. ढकललं – पडला. पुढे केला – घेतला. डावीकडची करणाऱ्याने लिहायची. उजवीकडची ज्याच्यावर बेतली त्याने. 'तलवार उगारली' इथे माझा परिच्छेद संपला. 'तलवार लागली' हे ज्याला लागली तो लिहील, आणि कितपत लागली तेही तोच. मास्तरांना यावरून गीतेतला श्लोक आठवला. आम्ही तो म्हणू दिला नाही.

यात मारामारीपेक्षा बोलाचालीचा फायदा जास्त आहे. 'मी त्याला पटवलं' असं लिहिता येणार नाही. मी सांगितलं, पटलं की नाही ते तो सांगील. फसवणं, घाबरवणं, प्रेमात पाडणं, सगळ्याला हेच लागू. दादाने त्याच दिवशी बसवून ठेवलेली एक प्रेमकथा मुकाट्याने मागे घेतली.

दोघांचं जमलंच नाही तर कवड्या टाकायच्या. सहा कवड्या, तोंड वर किती ते मोजायचं. कवडी नाण्यासारखी धरली तर चौसष्टांतल्या वीस प्रकारांत तीन वर येतात आणि सहाच्या सहा वर फक्त एका प्रकारात. खरी कवडी एका बाजूला फुगीर, तेव्हा हा हिशेब कागदापुरता. ताईकडे आजीच्या पटाच्या कवड्या आहेत, त्या ती व्हिडिओवर टाकणार. डन्जन्स अँड ड्रॅगन्समधला वीस बाजूंचा फासा आम्ही सोडला नाही, पण अजून कुणी मागितलेलाही नाही.

ताईचं पात्र म्हणजे एक तळं आहे. रात्री उठून चालतं. त्याने स्वतःबद्दल बोलायचं तर 'मी आलो' की 'मी आले'? इंग्रजी गटांत यावर फार घोळ होतो म्हणतात. आपल्याकडे नपुंसकलिंग आयतं पडलंय, 'मी आलं, मी बसलं'. ताईला यात काही विशेष वाटेना. "आमी 'मी इलंय'च म्हणतो. तुमका आता सुचला?"

१४ जुलै, रविवार

नाणेघाट. मी, वकीलबाई, मास्तर, धाकटा. कल्याण–माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याजवळ उतरून वर. जंगलातून चढताना पाऊस, पायऱ्या लागल्यावर धुकं, माथ्यावर दोन्ही.

घाट कसा असतो ते पायांनी पाहावं म्हणून गेलो होतो. खिंडीतून वर आलं की कडेला दगडी रांजण आहे. जकात यात टाकत, असं सगळे सांगतात. काठोकाठ पावसाने भरलेला. वकीलबाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, "आपल्या बाजाराला सरकार नकोच. असा एक रांजण पुरे."

तिथेच जादूचा नियम ठरला. गेले तीन आठवडे आम्ही मंत्रशक्तीच्या गुणांचे तक्ते करत होतो, ते सगळे रद्द. सातघाटात जादू करायची तर रांजणात काहीतरी टाकावं लागेल, आणि ते नाणं चालणार नाही. एक आठवण, एका बोटाची संवेदना, आईने मारलेली हाक. टाकलेलं परत मिळत नाही. किती टाकायचं ते करणारा सांगतो आणि पुरलं की नाही ते इतर सहांपैकी कुणीही एक. धाकट्याने लगेच विचारलं, पाऊस उलटा पाडायला काय पडेल? तेवढ्यात मास्तरांनी त्याची मान कड्याकडे वळवली. खालून सुसाटलेल्या वाऱ्याने धबधबा वरच्या वर फेकला जात होता आणि पाणी आमच्याच तोंडावर येत होतं. "हे फुकट आहे," मास्तर म्हणाले.

मग लेण्यात बसून डबे उघडले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो. यज्ञ आणि त्यात दिलेल्या दानांची यादी. गायी किती, हत्ती किती, आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या. वर नावं कोरलेली आहेत आणि खाली कुठे कुठे नुसती पावलं उरली आहेत.

धाकटा बराच वेळ त्या पावलांसमोर उभा होता. परत येताना एसटीत म्हणाला, पात्र मेलं किंवा कुणी खेळ सोडला तर त्याने लिहिलेलं पुसायचं नाही. बाजाराच्या भिंतीवर नाव राहू दे, खाली पावलं. दुसऱ्या कुणी ते पात्र उचलून चालवायचं नाही. राजधानी जाळणाऱ्या मुलाकडून हे आलं, म्हणून कोणी एक शब्द न बोलता ते नियमांत गेलं.

गुडघा अजून दुखतोय.

४ ऑगस्ट, रविवार

आषाढी अमावास्या. घराघरांत दिव्यांची पूजा आणि निम्म्या गटाचं लक्ष उद्या श्रावण लागतो इकडे. चौघांवर बैठक.

भुतांची यादी मी केली होती. मुंजा, हडळ, समंध, झोटिंग, चकवा, देवचार, राखणदार. प्रत्येकासमोर ताकद आणि हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ला की मरतो तो आकडा. राखणदार पंचेचाळीस.

ताईने यादी वाचली आणि एरवी प्रमाण मराठीत लिहिणारी ती एकदम मालवणीवर आली. "आमच्या राखणदाराक तू पंचेचाळीस पॉइंट दिलंस? तेका मारूचो आसा काय तुका?" त्यांच्या बागेच्या कोपऱ्यात त्याची जागा आहे. दर वर्षी त्याचा मान त्याला जातो. रात्री उशिरा बागेतून जाताना घरचे सगळे, तिचा इंजिनिअर भाऊसुद्धा, तिथे दोन पावलं हळू होतात. मी काहीतरी 'लोककथेतलं पात्र' असं बोलून गेलो. ती म्हणाली, "लोककथा तुझ्यासाठी. माका तो शेजारी."

नियम : ज्याला कुणीतरी खरोखर हात जोडतं त्याला आकडे नाहीत. देव, संत, पीर, ग्रामदैवत, राखणदार, कुणीच खेळात येणार नाहीत, वेगळ्या नावानेसुद्धा नाही. इतिहासातले राजेही नाहीत. राजांबद्दल वकीलबाईंनी कारण सांगायला सुरुवात केली, पण कारण सगळ्यांना माहीत होतं.

उरलेली यादी परत पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि लाज वाटली. मुंजा म्हणजे मुंज होऊन, लग्नाआधी मेलेला मुलगा. ब्रह्मसमंधाचं तर नावातच सगळं आलं. म्हणजे जूनमध्ये जो रकाना दारातून बाहेर काढला तो भुतांनी खिडकीतून आत आणला होता. नागपूरकराने फक्त हसण्याची खूण टाकली.

शेवटी एक चकवाच ठेवला. त्याला आकार नाही, घराणं नाही, हिट पॉइंट नाहीत. रात्री तुम्ही चालत राहता आणि पहाटे निघालात त्याच बांधावर येता. सातघाटात नियम मोडणाऱ्याला चकवा लागतो, म्हणजे त्याचा परिच्छेद धरलाच जात नाही आणि तो होता तिथेच उरतो. शिक्षेसाठी वेगळं कलम लिहायचं वाचलं.

१८ ऑगस्ट, रविवार

नको असलेल्या गोष्टींची बैठक. ही टाळत आलो होतो.

परदेशी टेबलांवर एक्स-कार्ड असतं, जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी रूढ केलेलं. एक कार्ड, त्यावर एक्स. खेळात काही असह्य झालं की त्याला हात लावायचा, तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. कल्पना सोपी आहे आणि आम्हाला हवीच होती. पण 'मी एक्स-कार्ड वापरतोय' असं लिहून पाहिलं तर ते तक्रार अर्जासारखं दिसतं. मास्तर म्हणाले, असं असेल तर मी कधीच वापरणार नाही.

न्यू जर्सीचा दादा, ज्याने पंधरा वर्षांत इथला पावसाळा पाहिलेला नाही, तो म्हणाला, "अरे, टाइमप्लीज!"

झालं. मूठ वळायची, ओठांना लावायची, टाइमप्लीज. सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली. नागपूरकडे वेगळी, कणकवलीत वेगळी, ठाण्याच्या सोसायटीत तिसरीच. पण अर्थावर कुणाचं दुमत नव्हतं. टाइमप्लीज घेतलेल्याला आउट करत नाहीत. का घेतलीस असं विचारत नाहीत. चपलेचा अंगठा तुटला असेल, आईने हाक मारली असेल, रडू येत असेल. हे आम्हाला आठव्या वर्षीच कळत होतं आणि चाळिशीत ते इंग्रजीतून शिकायला निघालो होतो.

मग तो डबाच उघडला. नवा खेळाडू आला तर तो कच्चा लिंबू : पहिले तीन महिने त्याचं पात्र मरत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, चुकलं तर परत लिहू द्यायचं. हरल्यावर रुसून पोस्ट पुसली तर 'रडीचा डाव' एवढंच लिहायचं आणि पुढे जायचं. बाजार चालवायची जबाबदारी ज्याच्यावर त्याच्यावर 'राज्य', दर महिन्याला बदलतं. या नियमांची व्याख्या करावी लागली नाही. आतापर्यंतचा सगळ्यांत छोटा कागद.

रेषा आणि पडदे मात्र गंभीरपणे केले. प्रत्येकाने मला एकट्याला कळवायचं, मी नावं काढून यादी लावायची. रेषेपलीकडे, म्हणजे खेळात कधीच नाही : लैंगिक अत्याचार, मुलांचे हाल. पडद्याआड, म्हणजे घडतं पण वर्णन नाही : छळ, बाळंतपणातले मृत्यू. एकाने एक गोष्ट रेषेपलीकडे टाकायला सांगितली आणि सोबत काहीही लिहिलं नाही. यादीत ती पहिली आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. ढोलांमुळे घरात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे बैठक नाही.

आजच डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं नवं मूळ पुस्तक बाजारात आलं. त्यात 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' केला आहे. दादाने पानाचा फोटो टाकला. नागपूरकर : "१९७४ ते २०२४. पन्नास वर्षं लागली त्यांना. आपल्याला चार दिवस."

त्या चार दिवसांची सुरुवात कुणामुळे झाली ते त्याने लिहिलं नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

गुरुवारी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, म्हणून मास्तर खुशीत. त्याच भरात त्यांनी विचारलं, सातघाटावर उद्या कुणी कादंबरी काढली तर?

वकीलबाईंनी चष्मा पुसला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कर्तृत्व आहे, पण ते अशा कामाला, ज्यात कुणी काय लिहिलं ते वेगळं काढता येत नाही. आमच्या बऱ्याचशा परिच्छेदांवर नाव आणि वेळ असते, तेव्हा ते ज्याचे त्याचे. पण बाजार, नकाशा आणि नियम सगळ्यांनी एकमेकांच्या वाक्यांत घुसून लिहिलेत. ते संयुक्त धरले तर हक्क सातांतला शेवटचा गेल्यावर पुढे साठ वर्षं. धाकटा सगळ्यांत लहान. त्याने तब्येत सांभाळावी असा ठराव एकमताने पास.

ठरलं : आपला घाट आणि आपलं पात्र आपलं, कुठेही न्या. बाजार आणि रांजण न्यायचा तर सहांना विचारून. दुसऱ्याचं पात्र नेता येत नाही, नाव बदलूनही नाही. आकडेमोडीचा जो थोडा भाग आम्ही उचलला तो डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पायाभूत नियमांतला आहे. जानेवारी २०२३ मध्ये ते क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, श्रेय दिलं की वापरता येतात. श्रेयाची ओळ नियमांच्या तळाशी टाकली.

२७ ऑक्टोबर, रविवार

वेळेचा गोंधळ. रंगीत तालमीत रुमा एकाच वेळी बाजारात मीठ विकत होती आणि तिसऱ्या घाटात पुरात अडकली होती. दोन्हीकडे वकीलबाईच लिहीत होत्या. त्यांचं म्हणणं, पूर गुरुवारचा होता. दादा म्हणाला, कुणाचा गुरुवार?

तारखा लावून पाहिल्या, जमेना. एकाचं संभाषण दहा दिवस चालतं आणि जगात पाच मिनिटं गेलेली असतात. उलट कुणी एका वाक्यात आख्खा पावसाळा काढतं. मग ताई म्हणाली, बाजारावरून मोजा. खेडेगावात तसंच मोजतात, 'गेल्या बाजारी', 'येत्या बाजारी'. दर रविवारी बाजार भरतो. दोन बाजारांच्या मध्ये एक पात्र एकाच ठिकाणी. त्या आठवड्यात तिथे पाच मिनिटं गेली की पाच दिवस, ते ज्याचं त्याने पाहावं, पण बाजाराला पोचायचं. नाही पोचलं तर 'वाटेत आहे'.

अंतरं कोसात, चढाई प्रहरात. एक घाट चढायला एक प्रहर, म्हणजे तीन तास. नाणेघाटाला आम्हाला तेवढेच लागले होते, माझा गुडघा धरून. घटका-पळं मास्तरांना हवी होती. चोवीस मिनिटांची घटका कुणाला खेळता खेळता मोजायची आहे? वगळली.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिला बाजार. राज्य माझ्यावर.

अमेरिकेत गेल्या रविवारी घड्याळं मागे गेली, त्यामुळे दादाचे नऊच वाजले होते आणि तो ब्रश करत होता. जोडून ठेवलेली वेळेची सगळी कलमं पहिल्या मिनिटाला गळाली. त्याचा पहारेकरी 'वाटेत आहे'.

बाकी बाजार भरला. रुमाने मीठ मांडलं. मास्तरांचा कोतवाल या वेळी बिनपगारी आहे, रांजणाशेजारी बसून असतो. धाकट्याच्या अंगात या वेळीही आग आहे, पण तो भडभुंजा झालाय. फुटाणे विकतो. मास्तरांनी पहिलं गिऱ्हाईक म्हणून दोन मापं घेतली. ताईचं तळं आलं, 'मी बसलं' म्हणालं, आणि बसलं तिथे गुडघाभर पाणी झालं, ते कुणीच मनावर घेतलं नाही.

सातव्या घाटाचा कुंभार डोक्यावर मडकं घेऊन गर्दीतून येत होता. नागपूरकराने त्या मडक्यात काय आहे ते लिहिलं नव्हतं. माझा जकातदार घाईत होता. मी लिहिलं : 'जकातदाराचा धक्का लागला आणि कुंभाराच्या डोक्यावरचं मडकं खाली पडून फुटलं.'

दहा सेकंदांत मास्तरांची वहीची पानं गटात. डावीकडे, उजवीकडे. पाठोपाठ नागपूरकर : "मडकं माह्या डोक्यावर हाय ना बे. मी पाडीन तवाच पडन."

पहिला चकवा मलाच लागला. परिच्छेद खोडून परत निघालो. 'धक्का लागला'सुद्धा उजवीकडचं, ते धाकट्याने पकडलं. तिसऱ्या खेपेला लिहिलं : 'जकातदार वळला. त्याचं कोपर मडक्याच्या दिशेने गेलं.' हे पास झालं.

नागपूरकराचं उत्तर आलं, पण खेळातलं नाही. आजपासून मंगळवारपर्यंत त्याची रात्रपाळी आहे. तोवर माझं कोपर हवेत.